काल्पनिक ‘धोका’ स्टिकर: खरा वाटेल, टिकेल आणि हवा तेव्हा निघेल असा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आवडत्या विज्ञानकथेतल्या यानावर असतात तशा इशाऱ्याच्या पट्ट्या लॅपटॉपवर हव्या आहेत. घरच्या इंकजेटवर साध्या स्टिकर पेपरवर छापून वरून पारदर्शक चिकटपट्टी लावून पाहिली. दोन आठवड्यांत कोपरे सुटले, काळा रंग पिवळ्यात उतरला, आणि एकूण प्रकार खेळण्यातला दिसतो. तर कोणता कागद घ्यावा आणि कोणता प्रिंटर?

कागद आणि प्रिंटर बदलून पहिल्या दोन तक्रारी मिटतील. तिसरी तशीच राहील, कारण तिचा छपाईशी फारसा संबंध नाही. महागड्या व्हिनाइलवर, म्हणजे चिकट प्लास्टिकच्या तावावर, छापलेली कच्ची मांडणीही खेळण्यातलीच दिसते. म्हणून आधी मांडणीचं बोलतो.

खऱ्या यंत्रावरची इशारापट्टी लिहिणारा माणूस वाचणाऱ्याला घाबरवत नसतो. तो रुक्षपणे तीन गोष्टी सांगतो: धोका कसला, दुर्लक्ष केलं तर काय होईल, आणि टाळायचं कसं. अमेरिकेच्या ‘अॅन्सी झेड५३५’ मानकातल्या पट्ट्या याच क्रमाने असतात, आणि वरच्या शब्दाला रंगही ठरलेला असतो. सर्वांत गंभीर ‘धोका’ लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत, त्याखालचा ‘इशारा’ नारिंगीवर काळ्या, ‘सावधान’ पिवळ्यावर काळ्या आणि नुसती ‘सूचना’ निळ्या पट्टीवर. आंतरराष्ट्रीय ‘आयएसओ ३८६४’ची भाषा वेगळी आहे. तिथे इशारा म्हणजे काळ्या कडेचा पिवळा त्रिकोण आणि त्यात काळं चिन्ह, आणि चिन्हाचा किमान अर्धा भाग पिवळाच असला पाहिजे. दोन्हींपैकी एक निवडा आणि सगळ्या स्टिकरांना तीच लावा. एका झाकणावर दोन्ही आल्या की डोळ्याला काहीतरी खटकतं, मग बघणाऱ्याला कारण सांगता येवो न येवो.

साचा पूर्ण खरा आणि मजकूर पूर्ण अशक्य, एवढं एक सूत्र पाळलं तरी पुरे. ‘सावधान!!! या लॅपटॉपमध्ये भयानक काळभोवरा आहे!!!’ यात उद्गारचिन्हांनीच सोंग उघडं पाडलं. तोच मजकूर असा लिहून पाहा:

‘इशारा. कालगळतीची शक्यता. उपकरण सुरू असताना झाकणामागे उभे राहिल्यास व्यक्ती आदल्या दिवशी पोहोचू शकते. झाकण उघडण्यापूर्वी मनगटी घड्याळ काढून ठेवावे. भाग क्र. ७-४४१-ब, आवृत्ती ३.’

‘ठेवावे’, ‘पोहोचू शकते’ अशी प्रमाण लेखी भाषा, छोटी वाक्यं, एकही भडक विशेषण नाही. शेवटचा भाग क्रमांक लहान अक्षरांत, बहुधा कुणी वाचणार नाही असा. खरेपणाचा निम्मा भार मात्र तोच उचलतो. ‘आवृत्ती ३’ वाचलं की आधीच्या दोन आवृत्त्यांच्या वेळी काय झालं असेल, हे वाचणारा स्वतःच रचतो.

चिन्हाचं तसंच. किरणोत्साराची तीन पाती १९४६ मध्ये बर्कलीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत तयार झाली, तेव्हा ती निळ्यावर मजेंटा (जांभळट गुलाबी) होती. आज तिची मापं पक्की आहेत: मधल्या वर्तुळाची त्रिज्या १ धरली तर पाती १.५ वर सुरू होऊन ५ वर संपतात आणि प्रत्येक पातं ६० अंशांचं. नजरेने काढलेली पाती नेहमी चुकीची दिसतात ती यामुळेच. स्वतःचं चिन्हही असंच एका मूळ मापाच्या पटीत काढा. जैविक धोक्याचं चिन्ह १९६६ मध्ये डाऊ केमिकलमध्ये चार्ल्स बाल्डविन यांच्या पुढाकाराने ठरलं, तेव्हा लक्षात राहील पण आधीपासून कुठलाच अर्थ चिकटलेला नसेल असा आकार मुद्दाम शोधला होता. शिवाय तो तिन्ही बाजूंनी सारखा, म्हणजे डबा कसाही ठेवला तरी ओळखू येणारा. काल्पनिक चिन्हासाठी याहून चांगली कसोटी मला माहीत नाही. तीन किंवा चार अंगांनी सममित, सलग काळा, बारीक तपशील नाही. १५ मिमीच्या त्रिकोणात टाकून हातभर अंतरावरून ओळखता आलं की झालं.

खरी चिन्हं मात्र वापरू नका. किरणोत्सार, जैविक धोका, स्फोटक, लेसर, उच्च विद्युतदाब, यातलं काहीही नको. विमानतळावर थट्टा समजावून सांगत बसावं लागेल हे एक कारण. दुसरं जास्त महत्त्वाचं: लॅपटॉपच्या तळाला आणि आत खरे इशारे असतातच, बॅटरीचे तर नक्कीच. शेजारी खोटी वीज चिकटवली तर दुरुस्ती करणारा एक तर उगाच थबकेल, नाहीतर खऱ्याकडेही दुर्लक्ष करेल. कथेतलं बोधचिन्ह जसंच्या तसं उचलायचं असेल तर स्वतःच्या झाकणापुरतं ठेवा. असे स्टिकर विकायला काढले की हक्कांचा प्रश्न येतो. त्या जगाची लकब घेऊन चिन्ह स्वतःचं काढणं मला कधीही जास्त आवडतं.

मजकूर देवनागरीत असेल तर दोन अडचणी येतात, आणि इंग्रजी मार्गदर्शनात त्या सापडत नाहीत. पहिली आकाराची. रोमन अक्षरं ५ पॉइंटला वाचता येतात. देवनागरीत त्या मापाला ‘ध’ आणि ‘घ’ एक होतात, उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. मी ७ पॉइंटच्या खाली जात नाही, गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असतील तर ८, आणि दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या सुमारे १४० टक्के. मुक्ता किंवा हिंद हे मोफत फाँट चांगले चालतात. बालू इथे नको, त्याची गोलाई फार प्रेमळ आहे.

दुसरी अडचण शिरोरेषेची. फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. छापताना ते दिसत नाही. पण तीच फाइल कटिंग प्लॉटरला, म्हणजे पात्याने आकार कापणाऱ्या यंत्राला, देऊन एकरंगी व्हिनाइलमधून अक्षरं कापून घेतली, तर पातं प्रत्येक जोडाशी शिरोरेषा कापतं आणि ‘सावधान’चे तुकडे हातात येतात. म्हणून इंकस्केप या मोफत चित्रांकन प्रोग्राममध्ये मजकूर आधी ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ (अक्षरांचे नुसते आकार होतात), मग ‘अनग्रुप’, मग सगळं निवडून ‘युनियन’. नुसत्या छपाईसाठी बाहेर फाइल देतानाही मजकूर पाथमध्ये बदलूनच द्या, नाहीतर त्यांच्याकडे फाँट नसला की जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या जागा सोडतात. मूळ फाइल वेगळी जपा, पाथ केलेल्या मजकुरात शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करता येत नाही.

रंगाबद्दल थोडं. इशाऱ्याचा पिवळा लिंबासारखा नसतो, त्यात नारिंगीची छटा असते. घरच्या प्रिंटरला लाल २५५, हिरवा २०४, निळा ० असा द्या. बाहेर छापून घेत असाल तर मजेंटा २० आणि पिवळा १०० टक्के, बाकी शून्य. लहान अक्षरं फक्त काळ्या शाईची ठेवा. चार शाया मिसळून काळा केला आणि त्या केसभर सरकल्या तर अक्षराभोवती रंगीत कड दिसते.

तिरप्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं एक गणित आहे. ४५ अंशातली ५ मिमी रुंद पट्टी लांबीच्या दिशेने ५ नाही, ७.०७ मिमी जागा घेते. काळी-पिवळी जोडी १४.१४ मिमी. म्हणून एकूण लांबी १४.१४ च्या पटीत घ्या, उदाहरणार्थ पाच जोड्यांना ७०.७ मिमी. सरळ ७० घेतली तर एका टोकाला पट्टी पूर्ण होत नाही आणि कोपऱ्यात रंगाची चिंचोळी चीर राहते. अशी चीर दिसली की पट्टी घरी केलेली आहे हे कळतं.

आता सामान. तुमचे कोपरे सुटले कारण कागद कडेने दमट हवा आणि हाताचा घाम शोषतो, फुगतो, आणि वरची चिकटपट्टी फुगत नाही. दोघांच्या ओढाताणीत कोपरा वर येतो. काळा उतरला कारण घरच्या बहुतेक इंकजेटची रंगीत शाई पाण्यात विरघळणारी असते. म्हणून कागद सोडा. इंकजेटसाठी ‘छापता येणारं व्हिनाइल’ मिळतं, वरच्या थरात शाई शोषली जाते असं. लेसर प्रिंटर असेल तर लेसरसाठी म्हणून विकले जाणारे पॉलिएस्टरचे चिकट ताव घ्या. या दोन्हींची अदलाबदल अजिबात नको. लेसर प्रिंटरच्या तापणाऱ्या रुळांवर इंकजेटचं व्हिनाइल मऊ होऊन गुंडाळलं जातं आणि प्रिंटर कामातून जातो. उलट लेसरच्या पॉलिएस्टरवर इंकजेटची शाई वाळतच नाही, बोटाने पुसली जाते.

यातलं काय घ्यावं ते घरात काय आहे त्यावर ठरेल. दोन्ही उपलब्ध असतील तर बारीक मजकुराच्या पट्ट्यांना मी लेसर आणि पॉलिएस्टर घेतो. टोनर, म्हणजे लेसर प्रिंटरची भुकटी, हे मुळात प्लास्टिक असल्यामुळे पाण्याने पसरत नाही आणि अक्षरांच्या कडा तीक्ष्ण येतात. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘लेबल’ किंवा ‘जाड कागद’ निवडा. साध्या कागदाच्या सेटिंगवर टोनर नीट वितळत नाही आणि नखाने खरवडून निघतो. मोठे पिवळे भाग इंकजेटवर जास्त सपाट येतात. इंकजेटमध्ये निवडीला वाव असेल तर पिग्मेंट शाई, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची. विरघळलेल्या रंगाच्या डाय शाईतला मजेंटा बहुधा आधी उडतो, आणि मग इशाऱ्याचा पिवळा हळूहळू लिंबू रंगावर येतो.

छापताना ‘फिट टू पेज’ बंद, प्रमाण १०० टक्के. कोपऱ्यात ५० मिमीची रेघ काढून ठेवा आणि छापल्यावर पट्टीने मोजा. पहिली छपाई साध्या कागदावर करून ती कापून लॅपटॉपवर लावून पाहा. जवळजवळ प्रत्येक वेळी स्टिकर ठरवला होता त्यापेक्षा मोठा वाटतो. झाकणावर एक ६० गुणिले ४० मिमीचा आणि बाकी २५ गुणिले १० च्या आसपासचे दोन-तीन, एवढे खूप झाले. खऱ्या यंत्रावर मोकळी जागा बरीच असते.

वरचा संरक्षक थर म्हणजे कोल्ड लॅमिनेटची (उष्णतेशिवाय, नुसत्या दाबाने चिकटणारी) पारदर्शक फिल्म, मॅट. चकचकीत फिल्मवर दिव्याचं प्रतिबिंब पडतं आणि स्टिकर भेटवस्तूच्या दुकानातला वाटतो. छापलेला ताव रात्रभर उघडा वाळू द्या. शाई ओली असताना फिल्म लावली तर आत अडकलेला ओलावा गोंद मऊ करतो आणि कडा वळतात. बाहेर सॉल्व्हंट शाईवर छापून घेणार असाल तर लॅमिनेशनआधी २४ तास थांबायला सांगा. घाईत दिलेल्या कामाच्या कडा महिनाभरात वर येतात त्या बहुधा यामुळे. फिल्म लावताना पाठीचा कागद सेंटिमीटरभर सोडवून ती कड चिकटवा, मग मऊ कापड गुंडाळलेल्या कार्डाने मधून बाहेर दाबत दाबत खालून कागद ओढत जा. काळ्या भागावर चांदीसारखे बारीक ठिपके दिसले तर ती अडकलेली हवा आहे, तिथे दाब कमी पडला. लगेच अंगठ्याने जोर देऊन घासलं तर बरेचसे जातात. दुसऱ्या दिवशी जात नाहीत.

इंकजेटवाल्यांनी एक गोष्ट नेहमीच्या सल्ल्याच्या उलट करावी. छपाईवाले रंग कापण्याच्या रेषेपलीकडे २ मिमी वाढवायला सांगतात, म्हणजे कापताना पांढरी कड राहत नाही. घरच्या पाण्याच्या शाईला हे मानवत नाही: कापलेल्या कडेला शाई उघडी पडते आणि ओलावा तिथूनच शिरतो. त्यापेक्षा दीड मिमीची पांढरी कड मुद्दाम ठेवा. खऱ्या पट्ट्यांनाही अशी कड अनेकदा असते, त्यामुळे दिसायलाही बरी. टोनर आणि बाहेरच्या छपाईला रंग कडेपर्यंत चालतो.

कापायला कटरचं नवं पातं आणि स्टीलची पट्टी. कोपरे ३ मिमी त्रिज्येने गोल करा. कोपरे गोल करणारा पंच स्वस्तातला असला तरी चालतो. हा शोभेचा भाग समजू नका. टोकदार कोपऱ्याला पकडून ठेवणारा गोंद अगदी थोडा आणि बाहीला अडकायला तो सर्वांत पुढे. एक कोपरा सुटला की धूळ आत जाते आणि मग तो पुन्हा कधीच धरत नाही.

कुठे लावायचं, हे लॅपटॉपच्या अंगावर ठरतं. गुळगुळीत धातू आणि साधं टणक प्लास्टिक उत्तम. खडबडीत पोताच्या झाकणावर गोंद फक्त उंचवट्यांना टेकतो, तिथे मोठा स्टिकर टाळा. रबरासारखा मऊ लेप असलेलं झाकण सर्वांत अवघड: काढताना लेपच स्टिकरबरोबर उखडू शकतो. तिथे फक्त ‘रिमूव्हेबल’ गोंदाचं व्हिनाइल, तेही आधी तळाला नखाएवढा तुकडा आठवडाभर लावून पाहिल्यावर. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आधी वेगळं कव्हर बसवून त्यावर हौस करा.

झाकणाच्या गोलसर कडेपासून ५ मिमी आत राहा. वळलेलं व्हिनाइल पुन्हा सपाट व्हायला बघतं. हवेच्या जाळ्या, अनुक्रमांक आणि स्क्रू झाकू नका. चकाकत्या धातूच्या किंवा होलोग्राफिक फिल्ममध्ये धातूचा थर असू शकतो. धातूच्या झाकणावर जी प्लास्टिकची पट्टी असते तिच्यामागे बहुधा वायफायचा अँटेना असतो, तिच्यावर अशी फिल्म नको. साधं व्हिनाइल चालतं.

मनगट टेकतं त्या भागाचा मोह बहुतेकांना होतो. तिथे जाडी मोजा. व्हिनाइल ८० मायक्रॉन, लॅमिनेट ७५, दोन्हींचे गोंद मिळून ५० धरले तर बेरीज २०५ मायक्रॉन, म्हणजे ०.२ मिमीच्या आसपास, साध्या कागदाच्या दोन तावांइतकी. ऐकायला काहीच नाही, पण बंद झाकण आणि कीबोर्ड यांच्यात जागाच तेवढी नसते. मॅकबुकच्या कॅमेऱ्यावरचं आवरण ०.१ मिमीहून जाड नको असं ॲपल सांगते, ते याच कारणाने. आत लावायचंच असेल तर लॅमिनेटशिवाय पातळ पॉलिएस्टर, आणि वर्षाकाठी बदलायची तयारी. चार्जिंगच्या छिद्राशेजारी, बिजागरीपाशी, अशा ‘कामाच्या’ जागी लावलेली छोटी पट्टी झाकणाच्या मधोमध लावलेल्या मोठ्या स्टिकरपेक्षा जास्त खरी वाटते, कारण खऱ्या यंत्रावर इशारा धोक्याच्या जागीच असतो.

लावताना लॅपटॉप बंद आणि थंड. कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन जागा पुसा, थेट फवारू नका, आणि दोन मिनिटं वाळू द्या. मऊ लेपावर अल्कोहोलऐवजी ओलसर कापड. साबणाच्या पाण्यावर व्हिनाइल सरकवून बसवायची पद्धत मोटारीला ठीक, इथे नको. त्याऐवजी स्टिकर पाठीच्या कागदासकट जागेवर ठेवा, एका बाजूला कागदी चिकटपट्टीची बिजागरी करा, दुसरी बाजू उचलून अर्धा कागद सोडवून कापून टाका, ती बाजू बसवा, मग बिजागरी काढून उरलेली. जागा हलत नाही. दाबायचं ते मायक्रोफायबरवरून अंगठ्याने. झाकणामागे स्क्रीन आहे, कार्डाच्या कडेने जोर देऊन घासलं तर तिला धक्का बसू शकतो. पुढचे २४ तास कडांना हात नको, बॅगेतही नको. गोंद पूर्ण धरायला तेवढा वेळ घेतो.

काढायची वेळ आली की लॅपटॉप बंद करून हेअर ड्रायर मंद ठेवा आणि फिरवत राहा, जागा हाताला कोमट लागेपर्यंतच, कारण जवळपास बॅटरी असते. कोपरा प्लास्टिकच्या कार्डाने उचलून स्टिकर त्याच्याच अंगावर दुमडून, जवळजवळ सपाट, सावकाश मागे ओढा. वर सरळ खेचलं तर गोंद मागे राहतो. नुसतं लॅमिनेट सुटून हातात आलं तर घाई झाली, पुन्हा कोमट करा. राहिलेल्या गोंदावर अल्कोहोलचं कापड मिनिटभर ठेवून मग पुसा. अॅसिटोन आणि थिनर लांब ठेवा, ते प्लास्टिकच विरघळवतात. गोंद जाऊनही स्टिकरच्या आकाराची फिकट-गडद छाया उरली, तर ती घासून जाणार नाही: आजूबाजूचा रंग उन्हाने बदललेला असतो आणि स्टिकरखालचा मूळचा तसाच राहिलेला असतो.